बदललेली जोडी

एसटीच्या नोकरीत साहेब पुष्कळ पाहिले. काही चांगले, काही कडक, काही नुसतेच साहेब. ऋण मात्र एकाच आगार व्यवस्थापकांचं आहे. ते फिटायचं नाही, निदान सांगून तरी ठेवतो.

मुक्कामी ड्युटी कुठल्याच वाहकाला नको असते. शेवटची गाडी घेऊन आडगावी जायचं, गाडीतच अंग टाकायचं, डास मारत रात्र काढायची आणि पहाटे कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या भरून परत फिरायचं. बायको गेल्यावर मी ही ड्युटी मागून घेऊ लागलो. रिकाम्या घरात डोळ्याला डोळा लागत नव्हता. हे कुणाजवळ बोललो नव्हतो. सोबत्यांना वाटलं, गड्याला भत्त्याचा लोभ सुटला.

साहेब रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा ड्युटी चार्ट स्वतः वाचायचे. अचानक माझा चालक बदलला. जमलेली जोडी मोडली म्हणून मी घुश्शातच गाडीत चढलो. नवे चालक वयाने थोरले, अबोल. स्टो बरोबर बाळगायचे. पहिल्याच मुक्कामाला त्यांनी पिठलं टाकलं, घरची भाकरी पुढे सरकवली आणि म्हणाले, “कांदा फोड.” बरेच दिवस आम्ही असेच जेवलो. मग एका रात्री त्यांनी आपल्या वारलेल्या बायकोचा विषय काढला आणि माझंही तोंड उघडलं.

ही जोडी का लावली, ते साहेब निवृत्त झाल्यावर त्या चालकांकडूनच कळलं. साहेब त्यांना म्हणाले होते, “मुक्काम मागून घेणाऱ्याच्या घरी काहीतरी बिनसलेलं असतं. तुम्ही त्यातून गेलायत. जरा बरोबर राहा.”

म्हणून कुणी साहेबांना भिडस्त समजू नये. गाडी उशिरा सुटली की मेमो ठरलेला. भरणा कमी आला की खुलासा द्यावाच लागे. पण रजा नामंजूर केली, तर शिपायाहाती कागद धाडायचे नाहीत. बोलावून कारण सांगायचे. त्यामुळे सणासुदीला जादा गाड्या काढायच्या म्हटलं, की त्यांच्या शब्दाखातर माणसं रजेवरून परत यायची.

पुढे वाहतूक नियंत्रक होऊन मीच ड्युट्या लावू लागलो. आषाढीच्या धावपळीतही नाव लिहिताना त्या माणसाचं घर डोळ्यांपुढे आणायची सवय त्यांचीच. आज ज्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत, त्यांना एवढंच सांगणं: हजेरीपट सहीपुरता बघू नका, वाचा.