कानांसाठी लिहिताना

वर्तमानपत्राच्या बातमीदारास जो एक मोठा आधार असतो, तो आकाशवाणीच्या वार्ताहरास मुळीच नसतो. एखादे वाक्य कळले नाही, तर वाचक मागे वळून ते पुन्हा वाचू शकतो. श्रोत्यास ही सोय नाही. उच्चारलेला शब्द हवेत विरला की विरला. जिल्ह्याचे अंशकालीन वार्ताहर म्हणून कोल्हापुराहून पुण्याच्या प्रादेशिक वृत्तविभागास बातम्या पाठविण्यात आमची काही वर्षे गेली; आणि त्या कामाने आम्हांस जे शिकविले, त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

‘अंशकालीन’ हा शब्द मोठा फसवा. मानधन तेवढे अंशकालीन असते. बातमी वेळ पाहून येत नाही. शिवाय आमच्या वाट्यास अमुक एकच विषय असेही नसे. सकाळी शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे, दुपारी जिल्हा परिषदेची सभा, सायंकाळी खासबागेतील कुस्त्या. नोव्हेंबरात अंबाबाईचा किरणोत्सव आणि गळीत हंगाम तोंडावर आला की उसाच्या दराचे आंदोलन. यांपैकी एकाही विषयात आम्ही पंडित नव्हतो. परंतु ही बातमी ऐकून ऐकणारा काय करील, एवढा एक प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय मात्र जडली; आणि दहा मिनिटांच्या वार्तापत्रात जी दोन-तीन वाक्ये आमच्या वाट्यास येत, त्यांत काय ठेवावे व काय गाळावे हे त्या प्रश्नानेच ठरे.

त्या वाक्यांची घडणही निराळी. ‘वरील’, ‘खालील’, ‘उपरोक्त’ हे शब्द येथे निरर्थक. कारण ऐकणाऱ्याच्या वर आढे असते आणि खाली जमीन. कंस ऐकू येत नाही. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतील भेद कागदावर ढळढळीत दिसतो. खरखरणाऱ्या रेडिओवर तो पुसट होतो. वाक्य निवेदकाच्या एका श्वासात संपावे लागते. म्हणून पाठविण्यापूर्वी आम्ही प्रत्येक बातमी मोठ्याने वाचून पाहत असू. घरची मंडळी हसत. पण जेथे त्यांचे हसू थांबून कपाळास आठी पडे, तेथे वाक्य बदलावयाचे हे आम्ही ओळखून होतो.

या काटेकोरपणाचे मोल पावसाळ्यात कळते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी मोजतात. तेथे ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. नदीच्या वरच्या अंगास राधानगरीचे धरण आहे. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित असून जलाशय भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात. दरवाजा उघडला, याचा अर्थ धरण ठरल्याप्रमाणे काम करीत आहे इतकाच. पण तेवढ्यावरून ‘धरण फुटले’ अशी आवई भ्रमणध्वनीवरून गावोगाव पोहोचावयास क्षणही लागत नाही. अशा वेळी घाईने बोलावे, तर भरल्या रात्री माणसे पाण्याखालच्या रस्त्यावर निघतात. खातरजमेसाठी फार थांबावे, तर पाणीच उंबऱ्याशी येते. या दोन भयांच्या मधून जी अरुंद वाट जाते, तीच वार्ताहराची वाट. पाटबंधारे खात्याच्या अधिकाऱ्याचा शब्द मिळवावयाचा, तो कोणाचा हे वाक्याच्या आरंभीच सांगावयाचे, आणि मग आकडा.

‘आमच्या वार्ताहराने कळविले आहे’ एवढ्यावर आमचा उल्लेख संपे. तो ‘आमचा’ कोण, हे नदीकाठच्या गोठ्यात रेडिओ लावून उभ्या असलेल्या शेतकऱ्यास ठाऊक नसते, आणि असण्याचे कारणही नाही. म्हशीचे दावे सोडावे की राहू द्यावे, हे त्यास वेळेवर ठरविता आले म्हणजे झाले.