धाकट्या आणि थोरल्या पावलांचा प्रवास

दरवर्षी मार्च उजाडला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलाने कॅनडाला बोलावले आहे. नातवंडांना घेऊन सगळा देश गाडीने पाहायचा म्हणतो. आम्हांला झेपेल का?" विचारणाऱ्यांचे वय बहुधा पासष्ट ते ऐंशी. बरोबर फाईल असते, रक्तदाबाच्या नोंदींची वही असते, आणि डोळ्यांत उत्साह व धास्ती एकाच वेळी असतात. या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. प्रवास झेपणे हे प्रकृतीवर जितके अवलंबून असते, तितकेच तो प्रवास कोणाच्या गतीने आखला आहे यावर असते. आमच्या घरातील चार पिढ्यांनी असा प्रवास केला, त्या अनुभवाच्या आधारे हे लिहीत आहे.

माझी मुलगी आणि जावई टोरांटोजवळ राहतात. नात चार वर्षांची, नातू चौदा महिन्यांचा. भारतातून जाणारे आम्ही तिघे: मी, पत्नी आणि माझी आई. आईचे वय एक्याऐंशी, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही गोळ्यांवर, गुडघे कुरकुरणारे, बुद्धी मात्र लख्ख. जावयाने पहिला आराखडा पाठवला तो टोरांटो ते व्हॅंकूव्हर संपूर्ण रस्त्याने, दहा दिवसांत. हे अंतर सुमारे 4,400 किलोमीटर भरते, म्हणजे रोज साडेचारशे किलोमीटर. तरुण जोडप्याला हे अवघड नाही. पण ज्या गाडीत चौदा महिन्यांचे मूल आणि एक्याऐंशी वर्षांची पणजी बसणार आहे, त्या गाडीचा वेग रस्त्यावरील पाटी ठरवत नाही.

वाचकहो, कॅनडाच्या विस्ताराची कल्पना नकाशावरून येत नाही. तेथील ट्रान्स-कॅनडा महामार्ग एका महासागरापासून दुसऱ्या महासागरापर्यंत सात हजार किलोमीटरांहून अधिक धावतो, आणि देशात सहा कालविभाग आहेत. वाटेत लागणारे सुपीरिअर सरोवर महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या चौथ्या हिश्शाहून मोठे आहे. त्याच्या उत्तर काठाने जाताना एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत तासतासभर केवळ जंगल आणि पाणी दिसते. कित्येक ठिकाणी मोबाईललाही संकेत मिळत नाही. अशा ठिकाणी औषधाची पिशवी, पाणी, खाणे आणि पेट्रोल यांचा हिशेब घरीच करून निघावे लागते.

तरीही आमची खरी कसोटी रस्त्यावर लागली नाही. ती निघण्याच्या सात महिने आधी, घरीच लागली.

आम्ही जूनमध्ये जाण्याचे ठरवले होते. फेब्रुवारीत आईचा रक्तदाब सातत्याने चढा येऊ लागला. औषध वाढवणे आवश्यक होते. त्याच सुमारास मी प्रवासविम्याची कागदपत्रे वाचत होतो. कॅनडात पाहुण्यांना तेथील सरकारी आरोग्य योजनेचा लाभ मिळत नाही. रुग्णालयात एक रात्र काढावी लागली तरी खर्च छाती दडपून टाकणारा असतो. आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी जो 'सुपर व्हिसा' आहे, त्याकरिता किमान एक वर्षाचा आणि एक लाख कॅनेडियन डॉलर संरक्षणाचा आरोग्यविमा बंधनकारक असतो. विमा सर्वजण काढतात. त्यातील एक अट मात्र थोडेच वाचतात. आधीपासून असलेल्या आजारासाठी संरक्षण हवे असेल, तर तो आजार विमा लागू होण्यापूर्वी ठरावीक काळ 'स्थिर' असावा लागतो. हा काळ पुष्कळ पॉलिसींमध्ये 90 किंवा 180 दिवसांचा असतो. त्या काळात औषधाची मात्रा बदलली, नवे औषध सुरू झाले, तर त्या आजारावरील खर्च नाकारला जाऊ शकतो. मात्रा कमी केली तरी अनेकदा तो बदलच मानला जातो.

येथे मोह कसा होतो ते पाहा. "आता तीन-चार महिनेच राहिले आहेत, परत आल्यावर औषध बदलू," असे वाटते. माझ्या रुग्णांपैकीही काहींनी हे सुचवले आहे. घरातही तशी कुजबूज झाली, कारण तिकिटांचे दर वाढत होते आणि जावयाची रजा मंजूर होती. आईनेच मार्ग सुचवला, तो तिच्या पद्धतीने. ती म्हणाली, "अरे, माझ्यापायी कशाला खोळंबता? तुम्ही जा. मी बहिणीकडे राहते."

घरातील वृद्ध जेव्हा असे म्हणतात, तेव्हा ते नेहमी मनापासून म्हणत नाहीत, आणि नेहमी वरवरही म्हणत नाहीत. त्यांना जायचे असते. ओझे व्हायचे नसते. म्हणून मी तिला दोन प्रश्न वेगवेगळे विचारले. पहिला, "प्रकृतीची काळजी मिटली असे धर. मग तुला यावेसे वाटते का?" आणि दुसरा, "तुला भीती कशाची वाटते?" पहिल्याचे उत्तर तिने क्षणात दिले: पणतवंडाला एकदा मांडीवर घ्यायचे आहे. दुसऱ्याला वेळ लागला. मग म्हणाली, "वाटेत लघवीला लागले तर गाडी थांबवा म्हणायची लाज वाटते." इतक्या लहान गोष्टीसाठी माणसे अख्खा प्रवास सोडून देतात, किंवा दिवसभर पाणीच पीत नाहीत. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा. पाणी कमी पडले की चक्कर, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि पायांत रक्ताची गुठळी, तिन्हींची शक्यता वाढते.

आम्ही औषध लगेच बदलले आणि प्रवास सप्टेंबरच्या उत्तरार्धात ढकलला. 180 दिवस पूर्ण झाले, आईचा रक्तदाब आटोक्यात राहिला. नातीचे बालवर्गाचे दोन-अडीच आठवडे बुडाले. ऑन्टॅरिओत त्या वयाला शाळा सक्तीची नाही. माझे आपल्याला आग्रहाचे सांगणे एवढेच, की औषधाने प्रवासाची तारीख ठरवावी, तारखेने औषध ठरवू नये. आणि विमा घेताना प्रत्येक आजार, प्रत्येक गोळी स्पष्ट लिहावी; लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळीच उघडी पडते.

तारीख ठरल्यावर मार्ग पुन्हा आखला, आणि तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. लहान मुलाच्या गरजांची यादी मुलीने लिहिली होती, आईच्या गरजांची मी. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर ते जवळजवळ एकच होते. दर दोन तासांनी थांबणे, वेळेवर थोडेथोडे खाणे, दुपारची झोप, स्वच्छतागृह जवळ असणे, रोज मुक्काम न बदलणे, अंधार पडण्यापूर्वी पोहोचणे. मग थांबा कोणासाठी घेतला हा प्रश्नच उरला नाही. आईला "गाडी थांबवा" असे एकदाही म्हणावे लागले नाही. घड्याळच ते म्हणत होते.

सबंध देश रस्त्याने ओलांडण्याचा हट्ट आम्ही सोडला. टोरांटोहून सडबरी, सू सेंट मेरी, वावा, मॅरेथॉन असे मुक्काम करत थंडर बे गाठले. सुमारे चौदाशे किलोमीटर, सात दिवस. वावाच्या वेशीवर एका प्रचंड रानहंसाचा पुतळा आहे, त्यापुढून नात हलेना. पुढची प्रेअरीची सपाटी विमानाने ओलांडून कॅल्गरीला उतरलो, दोन दिवस नुसती विश्रांती घेतली, आणि तेथून बॅन्फ, लेक लुईस, रॉजर्स पास करत व्हॅंकूव्हर. गाडी नको असेल त्यांच्यासाठी टोरांटो ते व्हॅंकूव्हर रेल्वेही आहे. तिला चार रात्री लागतात आणि शय्येची सोय असते. मात्र चालत्या गाडीत उठताना तोल सांभाळावा लागतो, हे गुडघेदुखी असलेल्यांनी लक्षात घ्यावे.

"डोंगरात प्राणवायू कमी पडेल का?" असे पुष्कळजण विचारतात. बॅन्फ गावाची उंची सुमारे 1,380 मीटर, म्हणजे जवळपास आपल्या महाबळेश्वराइतकी. रॉजर्स पास 1,330 मीटर. बॅन्फ आणि जॅस्पर यांना जोडणाऱ्या रस्त्यावरील सर्वांत उंच खिंड मात्र 2,000 मीटरच्या थोडी वर जाते. हृदय किंवा फुप्फुसाचा आजार स्थिर असेल तर तेथून गाडीने जाणे बहुतेकांना त्रासाचे होत नाही. विश्रांतीतही धाप लागत असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्रास द्यायचा तर थंडी देते. सप्टेंबरअखेर त्या भागात सकाळी पारा शून्याजवळ येतो, कधी बर्फही पडते. अंगावर एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे.

औषधांविषयी थोडे नेमके सांगतो. पाहुण्याला स्वतःच्या वापरासाठी जास्तीत जास्त 90 दिवसांची औषधे कॅनडात नेता येतात. ती मूळ वेष्टनात असावीत, आणि सोबत औषधाच्या मूळ रासायनिक नावाने लिहिलेली चिठ्ठी असावी, कारण आपली व्यापारी नावे तेथील औषधविक्रेत्याला ठाऊक नसतात. आपले पॅरासिटामॉल तेथे असिटामिनोफेन म्हणून मिळते. सर्व औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन तर विमानाच्या सामानकक्षात कधीच देऊ नये, ते गोठले की निकामी होते. घड्याळ तीनदा बदलणार असल्याने आम्ही आईच्या मधुमेहाच्या गोळ्या जेवणाशी बांधून दिल्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र मात्रांचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. लघवी वाढवणारी गोळी घेत असाल तर तिची वेळ बदलता येईल का, हेही विचारावे. मनाने ती बंद करू नये.

मुलांच्या बाबतीत एका गोष्टीवरून आमच्याकडे थोडा वाद झाला. गाडीत नातू रडू लागला की आईचे हात आपोआप पुढे होत. "दे रे इकडे त्याला. तुम्हां भावंडांना मांडीवर घेऊन मी एसटीने घाट चढले आहे." तिच्या मायेला उत्तर नव्हते, कायद्याला आणि शरीरशास्त्राला होते. कॅनडात मुलाला त्याच्या खुर्चीत बांधणे सक्तीचे आहे, आणि ती खुर्ची तेथील प्रमाणचिन्हाची हवी. भारतातून नेलेली चालत नाही. गाडी अचानक थांबली तर दहा किलोचे मूल कोणाच्याही हातात राहत नाही. आम्ही तोड काढली: मूल रडले की पुढच्या सुरक्षित जागी गाडी थांबायची, आणि थांबल्यावर पहिली मांडी पणजीची. आईने हा करार काटेकोर पाळला आणि आमच्याकडूनही पाळून घेतला.

बाकीचे थोडक्यात. सर्दी-खोकल्याची तयार मिश्रणे सहा वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा कॅनडाच्या आरोग्य खात्याचा इशारा आहे. मुलांच्या, विशेषतः गोवराच्या, लसी पूर्ण असल्याची खात्री करावी. 2025 मध्ये तेथे गोवराची मोठी साथ आली होती. जून-जुलैत जाणार असाल तर डास आणि काळ्या माश्यांची तयारी ठेवावी, आणि जाड पडदेही न्यावेत. जूनअखेर एडमंटनला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, मग मूल झोपणार कसे? उन्हाळ्यात वणव्यांचा धूर दूरवर पसरतो, तेव्हा दमेकऱ्यांनी हवेचा निर्देशांक पाहूनच बाहेर पडावे. गवतातून फिरल्यावर रोज सायंकाळी सर्वांच्या अंगावर गोचीड शोधावी. झऱ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये. आणीबाणीत 911, आणि बहुतेक प्रांतांत परिचारिकेच्या सल्ल्यासाठी 811, हे दोन क्रमांक प्रत्येकाच्या खिशात कागदावर असावेत.

थंडर बेजवळ महामार्गालगत टेरी फॉक्सचे स्मारक आहे. कर्करोगाने एक पाय गमावलेला हा तरुण 1980 मध्ये कृत्रिम पायाने देश ओलांडायला निघाला. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावल्यावर रोग फुप्फुसात पसरल्याने येथे त्याला थांबावे लागले. पुढल्या वर्षी तो गेला. मी हे आईला सांगत होतो. ती काठी टेकून पुतळ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग नातवाचे बोट धरून त्या फरसबंदीवर चालू लागली. तो नुकताच चालायला शिकला होता, आणि तिचे चालणे अलीकडे तसेच जपून झाले आहे. दोघांचा वेग अगदी जुळत होता. आम्ही इतर मागून चाललो होतो, आणि कोणालाच घाई नव्हती.

आपल्या घरी असा बेत ठरत असेल, तर तिकिटे काढण्यापूर्वी एक संध्याकाळ राखून ठेवा. तेव्हा घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला समोर बसवा आणि तिच्याविषयी नव्हे, तिच्याशी बोला. इच्छा वेगळी विचारा, भीती वेगळी विचारा. मग डॉक्टरांकडे जा, विम्याच्या अटी वाचा, आणि नकाशा सर्वांत शेवटी उघडा. काही ठिकाणे गाळावी लागतील. आम्ही अर्धा देश विमानाच्या खिडकीतून पाहिला. घरी परतल्यापासून आजवर आईने त्याबद्दल हळहळ व्यक्त केलेली नाही.