डोळ्यांवरचा पडदा आणि दहा बाय सोळाची खोली

परळच्या चाळीतली आमची खोली दहा बाय सोळाची, आणि माणसे पाच. थोरली मुलगी संगणकावर बांधकामाचे नकाशे काढते. २०२० च्या टाळेबंदीपासून तिचे निम्मे काम घरूनच चालते. लॅपटॉपवर नकाशाचा एक कोपरा मोठा केला की दुसरा दिसेनासा होतो. मोठा पडदा घ्यावा, तर ठेवायचा कुठे? टेबल मांडले की रात्री अंथरूण पडत नाही.

म्हणून तिने एका मैत्रिणीचा व्ही.आर. हेडसेट आठवडाभर मागून आणला. तो डोळ्यांवर बांधला की लॅपटॉपचा पडदा भिंतीएवढा दिसतो; हवे तर शेजारी आणखी दोन. आम्ही सर्वांनी आळीपाळीने बांधून पाहिला. आजी म्हणाली, "अगं, भिंतच मागे सरकली!"

पण घटकाभराची गंमत वेगळी आणि दिवसभराचे काम वेगळे. या यंत्रात डोळ्यांजवळ दोन लहान पडदे असतात. त्यांचेच ठिपके मोठ्या दृश्यावर पसरतात, म्हणून बारीक अक्षर पुसट होते. चित्र जवळचे असो की लांबचे, नजर एकाच अंतरावर रोखावी लागते, डोळे शिणतात. शिवाय अर्धा किलोचे ओझे तोंडावर, त्यात मुंबईचा घाम! जर्मनीतल्या कोबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली माणसांना पाच दिवस, रोज आठ तास असे काम करायला लावून पाहिले. दोघांनी पहिल्याच दिवशी ते सोडले. बाकीच्यांना नेहमीच्या संगणकापेक्षा त्रास जास्तच झाला.

किमतीचे तर बोलायलाच नको. ॲपल कंपनीचा व्हिजन प्रो फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलरला आला. स्वस्त हेडसेटही आपल्या पगाराला जडच.

आम्हाला खटकले ते आणखी एक. धाकटा गणित विचारायला ताईजवळ गेला आणि तसाच परतला. ताई समोर होती, पण तिचे डोळे दिसत नव्हते.

मग घरात सर्वांनी बसून ठरवले. भिंतीला लोखंडी दांडी ठोकून चोवीस इंची पडदा लावला; रात्री तो भिंतीलगत दुमडतो. सकाळी दहा ते एक ती भिंत मुलीची. तेवढा वेळ टीव्ही बंद, आजीची निवडटिपण गॅलरीत, धाकटा पोटमाळ्यावर.

वाचकहो, मुलांनी असे यंत्र मागितले तर हसण्यावारी नेऊ नका आणि लगेच कर्जही काढू नका. आधी उसने आणून पूर्ण दिवसाचे काम करून पाहू द्या. त्यांचे मागणे बहुधा यंत्राचे नसते. त्यांना बसायला हक्काची जागा हवी असते, आणि ती घरातल्या सर्वांनी थोडे थोडे सरकूनच मिळते.