खोपट, काशी आणि विमानाचें भाडें

ठाणें स्टेशनाच्या गर्दींतून पश्चिमेस बाहेर पडून थोडें पायीं चाललें म्हणजे खोपट लागतें. एस. टी.च्या आगारामुळें हें नांव बाहेरगांवच्या माणसांसही ठाऊक आहे. ट्रंका, पिशव्या आणि पेंगुळलेलीं मुलें सांभाळीत येथें कुटुंबें गाडीची वाट पाहतात. तिकिटाचा व्यवहार समोरासमोर होतो. गाडी न सुटली तर कोणास विचारावें, हें कळतें. विमानाच्या तिकिटाचे पैसे मात्र कोणाच्या हातीं गेले, हेंच कळत नाहीं. हा भेद आम्हांस 2020 सालीं उमगला.

सासूबाईंची काशीयात्रेची फार दिवसांची इच्छा होती. त्यांनीं साठवणींतले पैसे काढून दिले आणि जानेवारींत खोपटच्या एका एजंटाकडून आम्हीं एप्रिलचीं तिकिटें काढलीं. पुढें कोरोनाची टाळेबंदी आली. 25 मार्चपासून दोन महिने देशांतील प्रवासी विमानें बंद राहिलीं. कंपनीनें पैशांऐवजीं 'क्रेडिट शेल' देऊं केलें. म्हणजे रक्कम त्यांच्याकडेच जमा, आपण पुढें केव्हां तरी प्रवास करावा. सासूबाई म्हणाल्या, "अग, पुढचें वर्ष माझ्या हातीं आहे का? माझे पैसे मला द्या, म्हणावें." 16 एप्रिलच्या सरकारी सूचनेचा लाभ टाळेबंदींत तिकीट काढणाऱ्यांपुरताच होता, आम्ही त्यांत बसत नव्हतों.

1 ऑक्टोबर 2020 रोजीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. आमच्यासारख्यांचे पैसे पंधरा दिवसांत परत करावे. कंपनी आर्थिक अडचणींत असल्यास 31 मार्च 2021 पर्यंतचें क्रेडिट शेल द्यावें, तें दुसऱ्याच्या नांवेंही करतां यावें, आणि मुदतींत न वापरलेली रक्कम परत करावी, असें ठरलें. एजंटाकडील तिकिटांची रक्कम त्याच्यामार्फतच मिळावयाची होती.

मीं तिकिटांचे क्रमांक व पावती जोडून कंपनीस आणि एजंटास लेखी कळविलें. कंपनीनें अडचण सांगितली; मीं मुदत वहींत लिहून ठेवली आणि ती संपतांच पुन्हा लिहिलें. एप्रिल 2021 मध्यें खोपटच्या त्या लहानशा दुकानांतून रक्कम आणून मीं सासूबाईंच्या हातीं ठेवली. त्यांनीं ती दोनदां मोजली.

काशी पुढें झाली, ती आगगाडीनें. परंतु यात्रेइतकाच त्यांना त्या पैशांचा आनंद झाला होता. रद्द झालेल्या प्रवासाचें भाडें मागणें ही याचना नव्हे. तें आपलेंच असतें. मात्र पावती जपून ठेवावी, आणि मागणी तोंडी नव्हे, लेखी करावी.