मोटार कुणी नेली?

१९९३ साली आमच्या कळंब तालुक्यातल्या गावात टीव्ही मोजून तीन. त्यातला एक आमच्या घरी. पोरे माळवदावर चढून अँटेना फिरवीत, आणि वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची धांदल उडे.

त्या वर्षी दूरदर्शनवर 'ब्योमकेश बक्षी' लागली. बासू चटर्जींची ती मालिका शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बंगाली रहस्यकथांवरून केलेली. लेखक बंगाली खरे, पण १९५२ पासून ते पुण्यात राहिले. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टीही त्यांनी लिहिल्या. रजित कपूर ब्योमकेश झाला होता, आणि सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी.

मी बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर पोसलेला माणूस. हा ब्योमकेश धोतर नेसून बसायचा आणि समोरच्याचे बोलणे निवांत ऐकून घ्यायचा. स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नसे, सत्यान्वेषी म्हणे. एका भागात सायकलच्या घंटीतून ग्रामोफोनची पिन मारून खून होतात. पुढे आठ दिवस मी घंटी वाजवली की पोरे आडोशाला पळत!

पण मला सांगायचे आहे ते पहिल्या गोष्टीचे. ती लागली त्याच्या चार दिवस आधी आमच्या विहिरीवरची मोटार केबलसकट चोरीला गेली होती. गायरानात एक पारधी कुटुंब पाल ठोकून राहिले होते. ठाण्यात 'कुणावर संशय?' असे विचारताच माझ्या तोंडून त्याचेच नाव गेले. दुसरे आठवलेसुद्धा नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीएक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, हे मला ठाऊक होते. मी शिकलेला माणूस. त्या पारध्याला धरून नेले.

टीव्हीवर कलकत्त्याची एक खानावळवजा मेस होती. तिथे खून होतो आणि पोलीस नव्याने राहायला आलेल्या अतुलला धरतात. तो परका, त्याचा ठावठिकाणा कुणाला माहीत नाही. शेवटी उलगडते की अतुल हाच ब्योमकेश, आणि खुनी मेस चालवणारा गोडबोल्या डॉक्टर. होमिओपॅथीच्या औषधाआड तो कोकेन विकत असतो.

मंडळी उठून गेली. आमच्या घरातून हिंदी फार कळत नसे, पण अंथरूण घालता घालता ती म्हणाली, "अवं, तुमी त्याचं नाव घेतलं, तवा काय बघितलं व्हतं?"

मी काहीच बघितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सायकल काढली आणि कळंबला जाऊन मोटारी भरून देणारी दुकाने पालथी घातली. तिसऱ्या दुकानात माझी मोटार सापडली. बुडाशी लाल रंगाने मीच टाकलेली अक्षरे जशीच्या तशी होती. कुणी आणून दिली ते दुकानदाराने सांगितले. आमच्याच भावकीतला पोरगा. आमच्या टीव्हीपुढे पहिल्या रांगेत बसणारा, वीज गेली की बॅटरी जोडायला सगळ्यांत आधी उठणारा.

ठाण्यात जाऊन मी तक्रार मागे घेतली, पारधी सुटला. पोराचे काय झाले म्हणाल, तर भावकी बसली, चहा झाला, आणि प्रकरण मिटले. त्याला ठाण्याची पायरी चढावी लागली नाही. बैठकीत मीही होतो.

गायरानातले पाल दोन दिवसांत उठले. मागे चुलीचे तीन दगड आणि राख.

पुढच्या चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत तो भेटला. कडेवर पोरगी. मी वाट बदलणार होतो, पण त्यानेच हाक मारली.

"मालक, मोटार घावली का?"

"घावली," मी म्हणालो.

"बरं झालं," म्हणाला, आणि पोरीला घेऊन गर्दीत निघून गेला. कुणाकडे सापडली, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.