मागाच्या खड्ड्यावरचे टेबल

माद्रिद शहरात 'बोतिन' नावाची एक खानावळ आहे. ती १७२५ साली सुरू झाली, आणि जगातली सर्वांत जुनी खानावळ म्हणून तिची गिनेस बुकात नोंद आहे. स्पेनचे 'तापास'ही प्रसिद्ध; पेल्याबरोबर घ्यावयाचे चटकमटक खाणे ते. 'तापा' म्हणजे झाकण! वाचनालयात मिळवलेले हे ज्ञान मी कँटीनमध्ये मोठ्या ऐटीने पाजळले. तेव्हा एका मित्राने विचारले, "का बे, आपल्या नागपुरातली सर्वांत जुनी सावजी खानावळ कोणती?"

मी गप्प बसलो. ठाऊक नव्हते हे एक. दुसरे म्हणजे आमच्याच घरी सावजी खानावळ आहे, हे मी दोन वर्षे कोणाला कळू दिले नव्हते. अंगाला मसाल्याचा वास येईल म्हणून मी सकाळी दोनदा साबण लावीत असे.

आम्ही कोष्टी. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे यंत्रमाग आले आणि हातमागाला उतरती कळा लागली. आमच्या घरचा माग थांबला, तेव्हा आजीने घरात जे शिजत होते तेच विकायला काढले. खसखस, सुके खोबरे, दगडफूल, काळे मिरे भाजून पाट्यावर वाटायचे. जवसाच्या तेलात परतायचे. मटणाबरोबर खूर आणि सुंदरीसुद्धा. मांस न खाणाऱ्यांसाठी पाटवड्यांचा रस्सा.

शेवटी एका रविवारी मित्रांना घरी नेलेच. पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी आले, पण कोणी पान सोडले नाही. टेबल मात्र सारखे डुगडुगत होते. एकाने पायाखाली कागदाची घडी सरकवली.

"राहू दे रे पोट्ट्या," आजी म्हणाली, "तिथं मागाचा खड्डा होता. बुजवला, तरी जमीन दबतेच. ह्याचे आजोबा त्यातच पाय सोडून बसत."

मित्राने तोच प्रश्न तिला विचारला, "आजी, खानावळ कोणत्या सालची?"

"साल कोन लिहून ठेवते बाप्पा! माग बंद पडला, त्याच दिवशी चूल मोठी केली."

बोतिनचे साल मला पाठ होते. आमच्या चुलीचे साल मी कधी विचारलेही नव्हते. मी उठलो आणि खांद्यावर फडके टाकून मित्रांना रस्सा वाढू लागलो.