चावी आणि अमानत

राणीसावरगावातून गंगाखेडला दवाखान्यात जायचं तर अम्मीला एसटीची पायरी आता चढवत नाही. म्हणून गाडीच्या रिमोट चावीची बटणं बंद पडली तेव्हा काळजी वाटली. शोरूमनं नव्या चावीचा सांगितलेला भाव अम्मीच्या महिन्याच्या औषधांपेक्षा जास्त होता.

पण गाडी सुरू होत होती, म्हणजे चावीतली इमोबिलायझरची चिप शाबूत होती. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून वीज मिळते. बिघाड फक्त रिमोटमध्ये होता. ३ व्होल्टचा नवा सेल टाकूनही फरक पडेना, तेव्हा परभणीच्या एका चावीवाल्याकडे गेलो.

त्यानं आधी आरसी मागितलं. "बुरा नक्को मानो भाई, पूछना पडता." मग चावी उघडून झिजलेला स्विच काढला, नवा सोल्डर केला. खर्च किरकोळ आला.

तुमच्याकडेही एकच चावी उरली असेल, तर ती चालू असतानाच दुसरी करून घ्या. सगळ्या हरवल्या की खर्च वाढतो. आणि कागद न बघता चावी करून देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. ज्याच्या हातात कुठलंही कुलूप उघडायचा हुन्नर आहे, त्याच्याकडे साऱ्या गावाची अमानत असते.